सोसायटीत वाचनकट्टा सुरू करायचाय: पुस्तक कसं निवडायचं, चर्चा कशी चालवायची, परिचय कसा लिहायचा?

अर्धवट_वाचलेलं:

आमच्या सोसायटीत १६ जणांनी नावं दिली आहेत. वयं २६ ते ७१. चार-पाच जण इंग्रजी माध्यमात शिकलेले आहेत. मराठी अस्खलित बोलतात, पण वाचताना अडखळतात. महिन्यातला तिसरा रविवार, क्लबहाऊस, संध्याकाळी ५ ते साडेसहा एवढं ठरलंय. पुढचं सगळं कोरं आहे.

१. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं की प्रत्येकाने आपापलं आणायचं?
२. एकच असेल तर किती पानांचं? प्रती कुठून आणायच्या?
३. दीड तास चर्चा चालवायची कशी?
४. दर महिन्याला एकाने पुस्तकाबद्दल लिहावं आणि ते फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लावावं, असा विचार आहे. किती लिहावं, कसं लिहावं?

'वाचनसंस्कृती टिकली पाहिजे' छापाचे प्रतिसाद नकोत, टिकली पाहिजे हे मान्यच आहे. नेमकं काय करायचं ते सांगा.

---

कपाट_नंबर_सात:

प्रश्न २ आधी घेतो, कारण कट्टे तिथेच बुडतात.

पानांचा हिशोब असा. सवय सुटलेला माणूस तासाला २० ते २५ पानं वाचतो. रोज अर्धा तास म्हटलं तरी आठवड्यातले पाचच दिवस खरे होतात. घोषणा होऊन पुस्तक हातात पडेपर्यंत एक आठवडा जातो, म्हणजे तीन आठवडे उरतात. १५ दिवस गुणिले ११-१२ पानं म्हणजे १७०-१८० पानं. ही कमाल मर्यादा. पहिल्या तीन बैठकांना दीडशेच्या आत राहा. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्याला साडेपाचशे पानी ऐतिहासिक कादंबरी घेतली तर दुसऱ्या बैठकीला सहा जण येतील, त्यातल्या चौघांनी ती कॉलेजात वाचलेली असेल.

मग प्रती. मराठीत ही खरी अडचण आहे. आवृत्ती लहान असते आणि संपली की पुढची कधी येईल ते प्रकाशकालाच ठाऊक. म्हणून पुस्तक जाहीर करण्याआधी विक्रेत्याला किंवा थेट प्रकाशकाला फोन करून "आज आठ प्रती आहेत का?" असं विचारा. "मिळेल" हे उत्तर धरू नका, "आहेत" हवं. बैठकीच्या आधी सहा आठवडे हा फोन झाला पाहिजे. आठ-दहा प्रती एकदम घेतल्या तर सवलत मागा, बहुतेक जण देतात.

१६ जणांना १६ प्रती लागत नाहीत. दोघांत एक पुरते: पहिले दहा दिवस एकाकडे, पुढचे दहा दुसऱ्याकडे. जोड्या एकाच विंगेतल्या करा, नाहीतर पुस्तक लिफ्टमध्येच फिरत राहतं. उरलेली गरज गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून भागते. अट एकच, तिथून आणलेली प्रत जुन्या आवृत्तीची असू शकते.

आवृत्त्यांचा हा घोळ चर्चेच्या दिवशी लक्षात येतो. एक म्हणतो "पान ८४ बघा", दुसऱ्याच्या पान ८४ वर तिसरंच काहीतरी. पानाऐवजी प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द सांगायची सवय लावा. जुन्या, लोकप्रिय पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्याही बाजारात असतात. मुखपृष्ठावर ते बारीक अक्षरात असतं, कधी फक्त आतल्या पानावर. चुकून अर्ध्या लोकांनी संक्षिप्त वाचली की चर्चेत एकाला आठवणारा प्रसंग दुसऱ्याच्या पुस्तकात नसतोच. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही जाहीर करा. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद म्हणजे दोन पुस्तकं.

---

पारावरची_पेन्सिल:

प्रश्न ३.

१६ जण एका गोलात बसवले आणि प्रत्येकी तीन मिनिटं दिली तर ४८ मिनिटं नुसती पाळी फिरण्यात जातात, आणि ती चर्चा नसते, ती हजेरी असते. दीड तास असा तोडा:

पहिली १० मिनिटं: प्रत्येकाने एकच वाक्य. पुस्तक आवडलं की नाही हे सांगायचं नाही, कुठला प्रसंग डोक्यात राहिला एवढंच सांगायचं. ज्याने पुस्तक पूर्ण केलेलं नाही त्याने "अमुक प्रकरणापर्यंत आलोय" म्हणायचं. हे निर्लज्जपणे म्हणता आलं पाहिजे, नाहीतर न वाचलेले लोक यायचेच बंद होतात.

पुढची ५ मिनिटं: एकाने एक-दीड पानाचा उतारा मोठ्याने वाचायचा. उतारा आधी निवडून ठेवलेला हवा, तिथे बसून पानं चाळायची नाहीत. यामुळे ज्यांनी पुस्तक तीन आठवड्यांपूर्वी संपवलंय त्यांनाही भाषा पुन्हा कानात येते.

मग ४५ मिनिटं: आठ-आठचे दोन गोल, शक्यतो दोन कोपऱ्यांत. प्रत्येक गोलात एक सूत्रधार आणि हातात तीन प्रश्न. तीनच. सात प्रश्नांची यादी घेऊन बसलेला सूत्रधार परीक्षकासारखा वागायला लागतो.

शेवटची १५-२० मिनिटं दोन्ही गोल एकत्र. एका गोलात जे वादाचं ठरलं ते दुसऱ्यापुढे मांडायचं. उरलेला वेळ पुढच्या पुस्तकाला. चहा सगळ्यात शेवटी. चहा आधी ठेवला की २५ मिनिटं कशी जातात कळत नाही, आणि वडे असतील तर बोलूच नका.

प्रश्न कसे काढायचे हा खरा कस आहे. 'बनगरवाडी'चं उदाहरण घेते, कारण ती लहान आहे आणि पहिल्या बैठकीला चालण्यासारखी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो.

वाया जाणारा प्रश्न: "लेखकाला यातून काय संदेश द्यायचा आहे?" यावर सगळे शाळेतलं उत्तर देतात आणि गप्प बसतात.

चालणारा प्रश्न: "मास्तर शेवटी गावाचा होतो की पाहुणाच राहतो? कुठल्या प्रसंगावरून तसं म्हणता?" इथे दोन तट पडतात आणि दोघांना पुस्तक उघडावं लागतं. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. "कुठल्या प्रसंगावरून" हे शब्द प्रश्नात नसले तर पाच मिनिटांत गाडी "हल्लीच्या शिक्षकांना"वर येते आणि तिथून परत वळत नाही.

आणखी एक: "यातल्या कुणाच्या तोंडून ही गोष्ट सांगितली असती तर वेगळी झाली असती?" हा कुठल्याही कथा-कादंबरीला लागू पडतो. हाताशी असू दे.

लांब बोलणाऱ्याचं काय? प्रत्येक गटात एक निवृत्त वक्ता असतोच. त्याला टोकू नका, त्याला काम द्या: उतारा वाचायचं किंवा टिपणं घ्यायचं. टिपणं घेणारा माणूस कमी बोलतो. तेही जमलं नाही तर मोबाईलवर तीन मिनिटांचा गजर सगळ्यांसाठी लावा, फक्त त्यांच्यासाठी नको.

---

वाकडी_घडी:

प्रश्न १ वर कपाट आणि पेन्सिल दोघांनीही 'एकच पुस्तक' गृहीत धरलंय. मला ते पटत नाही. २६ ते ७१ वयाच्या १६ जणांवर एक पुस्तक लादलं की ते गृहपाठ होतं. मोठ्यांना जे वाचायचंय ते धाकट्यांना जड, आणि उलटही.

त्यापेक्षा आपापलं पुस्तक. दर बैठकीला चौघांनी बोलायचं, प्रत्येकी सात मिनिटं, मग पाच मिनिटं प्रश्न. ४८ मिनिटांत चार पुस्तकं होतात. उरलेल्या वेळात पुस्तकांची देवाणघेवाण. चार महिन्यांत सगळ्यांची पाळी येते. प्रतींची कटकट शून्य, आवृत्त्यांचा घोळ शून्य.

बोलणाऱ्याला तीन बंधनं घाला. कथानक दोन मिनिटांत संपवायचं. अर्धं पान वाचून दाखवायचं. आणि हे पुस्तक समोरच्यांपैकी कोणाला आवडेल आणि कोणाला नाही, हे नाव घेऊन सांगायचं. "चौथ्या मजल्यावरच्या काकूंना आवडेल, त्यांना कोर्टाच्या गोष्टी आवडतात. पण शेवट त्यांना पटणार नाही." या एका वाक्याने पुस्तक हातोहात जातं.

---

पारावरची_पेन्सिल:

@वाकडी_घडी, तुमच्या पद्धतीने पुस्तकं फिरतात हे खरं, पण वाद होत नाही. ज्याने पुस्तक वाचलंय तो एकटाच बोलतो, बाकीचे मान डोलावतात. दोन माणसांनी तेच पान वेगळं वाचलं, हे कळण्यात जी गंमत आहे ती एकाच पुस्तकातच मिळते. मधला मार्ग: दोन महिने आपापलं, तिसऱ्या महिन्याला एकच. वर्षाला चारच सामाईक पुस्तकं होतात, प्रती जमवायलाही वेळ मिळतो.

---

वाकडी_घडी:

हे चालेल. मात्र पहिली बैठक आपापल्या पुस्तकाची ठेवा. कोण काय वाचतं ते कळल्याशिवाय सामाईक पुस्तक निवडणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं.

---

शुद्धलेखन_नको:

प्रश्न ४. आधी ठरवा की काय लिहून घेताय. परिचय म्हणजे न वाचलेल्यासाठी: पुस्तक कशाबद्दल आहे, कोणी घ्यावं. परीक्षण म्हणजे जमलंय का आणि कुठे फसलंय, याचा पुराव्यासह निवाडा. रसग्रहण वाचलेल्यासाठी असतं. फलकासाठी तुम्हाला परिचय हवाय, त्यात परीक्षणाच्या दोन ओळी. लोक तिन्ही एकत्र कालवतात आणि १२०० शब्दांचं काहीतरी होतं, जे लिहिणाऱ्याची आईसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाही.

फलकाला १५० शब्द, म्हणजे ए-फोर कागदावर १६ च्या टंकात एक पान. व्हॉट्सअ‍ॅपला २५० ते ३०० शब्द. त्यापलीकडे गेलं की अर्धे वाचक तिथेच उतरतात.

डोक्यावर किंवा तळाशी ठरलेली पाटी हवीच: पुस्तक, लेखक, अनुवादक असल्यास अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष, पृष्ठं, किंमत. आपल्या नियतकालिकांतल्या परीक्षणांना ही पाटी असतेच, पण घरगुती लिखाणात नेमकी तीच सुटते आणि मग खाली १२ जण "कुणाचं प्रकाशन?" विचारत बसतात. शेवटी एक ओळ: सोसायटीत ही प्रत कुणाकडे आहे.

बंदी घालायचे शब्द: ओघवती, वाचनीय, संग्राह्य, खिळवून ठेवणारं, मनाला भिडणारं, अंतर्मुख करणारं, 'प्रत्येकाने वाचावंच असं'. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. वर 'बनगरवाडी'चा विषय निघालाच आहे, तर फरक बघा.

असं नको: "माडगूळकरांची भाषा अत्यंत ओघवती असून ग्रामीण जीवनाचं हृदयस्पर्शी चित्रण करणारी ही कादंबरी प्रत्येकाने वाचावी."

असं: "मास्तर पायपीट करून वस्तीवर पोचतो तर शाळेत पोरंच नाहीत, ती मेंढरांमागे गेलेली असतात. कादंबरीचा सूर इथेच लागतो. गाव वाईट नाही आणि मास्तरही नाही, दोघांची कामं वेगळी आहेत. वाक्यं आखूड आहेत. संवादात माणदेशी बोली आहे. ज्यांच्या कानांना तिची सवय नाही त्यांनी पहिली दहा-पंधरा पानं मोठ्याने वाचावीत, मग अडत नाही. ठसठशीत खलनायक आणि वेगवान घडामोडी हव्या असणाऱ्यांनी दुसरं काही घ्यावं."

दुसऱ्या नमुन्यात एकही विशेषण स्तुतीचं नाही, तरी घ्यायचं की नाही ते वाचणाऱ्याला ठरवता येतं. आणि शेवट सांगितलेला नाही. कथानक किती सांगावं याचा माझा नियम: पहिल्या पाव पुस्तकात जे घडतं तेवढंच.

न आवडलेल्या पुस्तकावरही लिहू द्या. सगळेच परिचय गोड झाले की तिसऱ्या महिन्यापासून त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. फक्त "कंटाळवाणं" एवढ्यावर थांबू नका, कुठून कंटाळा आला ते लिहा: मधली ६० पानं पत्रांची आहेत आणि सगळी पत्रं एकाच आवाजात बोलतात, असं काहीतरी.

---

अर्धवट_वाचलेलं:

खूपच कामाचं. दोन उपप्रश्न.

अ) ग्रुपवर एकाने आत्ताच विचारलंय, "पीडीएफ टाकू का सगळ्यांना?" काय उत्तर देऊ?
आ) अडखळत वाचणाऱ्या चौघा-पाचांसाठी काय करता येईल? त्यांना वेगळं, सोपं पुस्तक दिलं तर अपमान वाटेल.

---

कपाट_नंबर_सात:

अ) नाही म्हणा, आणि आजच म्हणा. एकदा पडली की ती फाइल पुढे कुठे जाते ते तुमच्या हातात राहत नाही, आणि ग्रुप तुमच्या नावावर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. पण एखाद्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रं ही ज्याची त्याची. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा मोजायचा, मूळ लेखक कितीही जुना असो.

परीक्षणासाठी उतारा द्यायला कायद्याची आडकाठी नाही. पण उतारा म्हणजे उतारा, अख्खं प्रकरण नव्हे.

पीडीएफच हवी असेल तर सरळ मार्ग आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. हक्कमुक्त झालेलं जुनं साहित्य मराठी विकिस्रोतावर सापडतं. ग्रुपवर फाइल न टाकता दुवाच टाका.

---

पारावरची_पेन्सिल:

आ) वेगळं पुस्तक देऊ नका, वेगळी रीत सगळ्यांनाच द्या. तीन महिन्यांतून एकदा 'आधी काही वाचून यायचं नाही' अशी बैठक ठेवा. एक कथा तिथेच वाचायची. छापील पान साधारण २५०-३०० शब्दांचं, मोठ्याने वाचायला दोन ते सव्वादोन मिनिटं लागतात. म्हणजे दहा पानांची कथा २०-२५ मिनिटांत होते आणि तासभर बोलायला मिळतो. वाचणारे दोन-तीन जण आधी ठरवून ठेवा, त्यांना पान दोन दिवस आधी द्या. पाळीपाळीने सगळ्यांकडून वाचून घेण्याचा मोह टाळा, अडखळणाऱ्याला नेमकं तेच नको असतं.

सामाईक पुस्तक निवडताना प्रकरणं छोटी आहेत का तेही बघा. 'श्यामची आई' इथे फार सोयीची आहे. तिच्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, एकूण ४२. संध्याकाळी जमलेल्यांना सांगितलेल्या गोष्टी, त्यामुळे कानाला लागतातही तशाच. रोज दोन रात्री वाचल्या तर तीन आठवडे. "लहानपणी झालीय" म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना विचारा, श्यामच्या वडिलांबद्दल काय आठवतं?

ऑडिओबुक ऐकणाऱ्याला 'वाचलं' असंच धरा. स्टोरीटेलवर मराठी बरंच आहे. कानांनी आणि डोळ्यांनी एकदम, म्हणजे ऐकता ऐकता पुस्तकावर बोट, असं केलं तर महिना-दोन महिन्यांत जोडाक्षरांची भीती जाते. एकच बघा, आवृत्ती पूर्ण आहे की संक्षिप्त.

---

न्यूजर्सीची_वाळवी:

धाग्याला थोडी पुरवणी, कारण सोसायटीतली मुलं परदेशातून जोडून घ्या म्हणतीलच. भारतातले रात्रीचे साडेआठ म्हणजे इथे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे ११, हिवाळ्यात १०. लंडनला दुपारचे ४ किंवा ३. घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास बदलतात, ब्रिटन-अमेरिकेत वेगवेगळ्या रविवारी. म्हणून निरोपात कायम भारतीय वेळ लिहा. फुकटच्या झूमवर ४० मिनिटांत आणि गुगल मीटवर तिघं किंवा त्याहून जास्त असतील तर ६० मिनिटांत गाशा गुंडाळावा लागतो.

पण क्लबहाऊसमध्ये १६ जण आणि पडद्यावर तिघं असं मिश्रण करू नका. पडद्यावरच्यांना पंखा आणि खुर्च्यांचे आवाज ऐकू येतात, बाकी काही नाही. त्यांची वेगळी ऑनलाइन बैठक ठेवा.

---

शुद्धलेखन_नको:

कॅलेंडरबद्दल कुणीच बोललं नाही. गणपतीचा महिना आणि मे महिना सामाईक पुस्तकाला घेऊ नका, कुणी वाचत नाही. दिवाळीनंतरची बैठक मात्र सोडू नका, ती दिवाळी अंकांची ठेवा. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही सोय आहे, वापरा की. १६ जणांनी १६ वेगवेगळे अंक घ्यायचे. कोण कुठला घेणार ते आधी वहीत लिहायचं, नाहीतर एकाच गाजलेल्या अंकाच्या सहा प्रती येतात. मग दर आठवड्याला अदलाबदल. एका अंकाच्या पैशात चार महिने पुरेल एवढं वाचायला मिळतं. बैठकीत अख्ख्या अंकावर बोलायचं नाही. प्रत्येकाने एकच कथा किंवा एकच लेख निवडायचा आणि तोच का, ते सांगायचं. संपादकीय आणि राशिभविष्य वर्ज्य.

---

अर्धवट_वाचलेलं:

ठरलं. पहिली बैठक आपापल्या पुस्तकाची, दुसरी कथावाचनाची, तिसऱ्या महिन्याला 'बनगरवाडी'. विक्रेत्याला फोन करते उद्याच. "आहेत का" असंच विचारीन.

शेवटचा प्रश्न: देवाणघेवाणीतली पुस्तकं परत येत नाहीत, त्याचं काय?

---

कपाट_नंबर_सात:

एक दोनशेपानी वही, चार रकाने: पुस्तक, कुणाचं, कुणी नेलं, तारीख. परत आल्यावर खोडायचं नाही, पुढे सही घ्यायची. खोडलेल्या ओळीवरून नंतर भांडण होतं. मालकाने पहिल्या पानावर नाव आणि फ्लॅट नंबर पेन्सिलीने लिहावा. एका वेळी एकच पुस्तक, आधीचं दिल्याशिवाय दुसरं नाही. आणि सही केलेली, भेट मिळालेली किंवा आवृत्ती संपलेली प्रत फिरतीवर घालूच नका, ती घरीच बसून वाचू द्या.

---

वाकडी_घडी:

वही क्लबहाऊसमध्ये ठेवा. कुणाच्या घरी ठेवली की तीही परत येत नाही.